साल, फोडी आणि मधली फट: म्हाताऱ्या मेंदूचा एमआरआय कसा वाचतात

"दादा, बाबाचा मेंदू सुकून राहिला म्हणते रिपोर्टात."

चुलतभावाचा फोन आला तेव्हा तो नागपुरात धंतोलीतल्या एका स्कॅन सेंटरच्या पायऱ्यांवर उभा होता. मागे ऑटोंचे हॉर्न वाजत होते. काकू कुणाला तरी "आधी पाणी आण रे" म्हणत होती. काका चौऱ्याहत्तरचे. दोन-तीन महिन्यांपासून एकच गोष्ट दोनदा सांगायचे, दूधवाल्याचे पैसे दिले की नाही यावरून काकूशी वाद घालायचे. मेंदूच्या डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला. रिपोर्ट संध्याकाळीच हातात पडला, डॉक्टरांची वेळ मात्र दोन दिवसांनंतरची होती. त्या दोन दिवसांत घरातल्या प्रत्येकाने मोबाइलवर तो रिपोर्ट आपापल्या परीने वाचला आणि घरात सुतक असल्यासारखी शांतता पसरली.

रिपोर्टाच्या शेवटी लिहिलं होतं: 'एज-रिलेटेड डिफ्यूज सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी. फझेकास ग्रेड वन स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस.' साठीच्या पुढच्या कुणाचाही एमआरआय काढला तर थोड्याफार फरकाने हेच वाक्य येण्याची शक्यता मोठी. मराठीत सांगायचं तर, वयोमानानुसार मेंदू सगळीकडून जरा आकसला आहे आणि बारीक रक्तवाहिन्यांमुळे थोडे पांढरे ठिपके दिसतात. घरच्यांनी 'अ‍ॅट्रॉफी' आणि 'इस्केमिक' हे दोन शब्द उचलले. त्यांच्या मागे उभा असलेला 'वयोमानानुसार' हा शब्द कुणी वाचलाच नाही. खरं संशोधन या तिसऱ्या शब्दात आहे. वयाने किती घेतलं आणि आजाराने किती, हे फोटोवरून वेगळं काढता येतं का, या एका प्रश्नावर जगभरच्या प्रयोगशाळा गेली काही दशकं झटत आहेत.

आकसणं म्हणजे काय, हे नागपूरच्या माणसाला सांगायला फळांच्या ठेल्यापर्यंत गेलं की पुरे. मोसंबी सोलायला सुरी लागते, कारण साल गराला घट्ट चिकटलेली असते. संत्र्याची साल सुटी. त्यातही संत्रं टोपलीत पंधरा दिवस पडून राहिलं तर बाहेरून आकार फारसा बदलत नाही, पण दाबून पाहिलं की साल पोकळ लागते. आत फोडी बारीक झालेल्या असतात आणि दोन फोडींमध्ये फट पडलेली असते. तिशीतला मेंदू कवटीत मोसंबीसारखा गच्च बसलेला असतो. सत्तरीतला त्या टोपलीतल्या संत्र्यासारखा दिसतो: घड्यांमधल्या फटी रुंद, मधल्या पोकळ्या मोठ्या, आणि कवटीच्या आतल्या बाजूला थोडी मोकळी जागा. ही सगळी मोकळी जागा पाण्यासारख्या द्रवाने भरलेली असते. घरचे "मेंदूत पाणी झालं" म्हणतात ते अनेकदा हेच. पाणी आपणहून वाढलेलं नसतं, मेंदूने सोडलेली जागा त्याने भरून काढलेली असते.

यात सालीला, म्हणजे कवटीला, फार मोल आहे. मोठेपणी कवटीचं माप जवळजवळ तेच राहतं. त्यामुळे आज मेंदू केवढा आहे आणि कवटीत जागा केवढी आहे, याचं गुणोत्तर काढलं की तारुण्यात तो केवढा असेल याचा अंदाज येतो. बुटक्या माणसाचा मेंदू लहान असला म्हणजे तो आकसलेला आहे असं ठरत नाही. संत्रं मुळातच लहान असेल तर सालही लहानच असणार.

आता आकडे. मोठ्या माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा. पस्तिशीनंतर वर्षाला ०.२ टक्क्याच्या आसपास तो घटत जातो, साठीपर्यंत हा वेग ०.५ टक्क्यापर्यंत पोहोचतो आणि पुढे जरा वाढतो. म्हणजे साठीच्या माणसाचे वर्षाला सहा-सात ग्रॅम गेले तर ते हिशोबात बसतं. आणि इथे एक गैरसमज काढून टाकायला हवा. निरोगी म्हातारपणात मेंदूच्या पेशी लाखोंनी मरतात म्हणून मेंदू लहान होतो, असं नाही. पेशी बऱ्याचशा टिकतात, पण त्या लहान होतात आणि एकमेकींना जोडणाऱ्या त्यांच्या फांद्या विरळ होतात. सगळीकडे सारखं घटतही नाही. कपाळामागचा भाग, जिथे आखणी आणि आवर घालणं चालतं, तो जास्त आकसतो. डोक्याच्या मागच्या बाजूचा पाहण्याचा भाग बराच शाबूत राहतो.

ही मोकळी जागा निव्वळ फोटोपुरती नसते. मेंदूवरून निघून कवटीलगतच्या पडद्याकडे जाणाऱ्या बारीक शिरा असतात. मेंदू आत सरकला की त्या ताणल्या जातात. मग न्हाणीघरात पाय घसरून डोकं नळाला साधं आपटलं तरी एखादी शीर फाटते आणि रक्त आठवड्यांच्या हिशोबाने हळूहळू साचत जातं. माणूस महिन्याभराने सुस्त होतो, अडखळतो, विसरतो आणि घरचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. सीटी स्कॅनमध्ये हे साचलेलं रक्त बहुतेक वेळा दिसतं आणि कवटीला छोटं छिद्र पाडून काढताही येतं. म्हाताऱ्या माणसाचं वागणं किंवा चाल अचानक बदलली तर मागच्या दोन महिन्यांत कुठे पडलात का, हा प्रश्न डॉक्टर त्यासाठीच विचारतात.

काकांना यंत्रात झोपवताना त्यांची अंगठी बोटातून निघेना, साबण लावून काढावी लागली. बाहेर आल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अबे, डोक्यापाशी बोअरवेल खोदून राहिले होते का?" त्या आवाजाचं कारण सांगण्यासारखं आहे.

आपल्या मेंदूत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं. पाण्यात हायड्रोजन, आणि हायड्रोजनचं केंद्रक म्हणजे एक इवलं चुंबक. दीड टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३० हजार पट ताकदीचं असतं. त्यात माणूस शिरला की ही चुंबकं रांगेत उभी राहायला बघतात. पण उष्णतेमुळे त्यांची चुळबुळ इतकी चालू असते की दहा लाखांमध्ये जेमतेम पाचांचं जास्तीचं वजन एका दिशेला पडतं. सगळं चित्र त्या पाचांवर उभं राहतं. मग यंत्र रेडिओलहरीचा एक झटका देतं, चुंबकं कलंडतात, आणि पुन्हा सावरताना स्वतःच बारीकसा रेडिओ सिग्नल सोडतात. दीड टेस्लात ही लहर ६४ मेगाहर्ट्झच्या आसपास असते, तीन टेस्लात १२८ च्या. आपलं एफएम ८८ ते १०८ मध्ये वाजतं, म्हणजे अगदी शेजारच्या गल्लीत. बाहेरचा रेडिओ आत घुसू नये म्हणून एमआरआयची खोली तांब्यासारख्या धातूच्या पत्र्याने आतून मढवलेली असते.

सिग्नल डोक्यातल्या कुठल्या ठिकाणाहून आला हे कळावं म्हणून यंत्रातली जास्तीची वेटोळी क्षणाक्षणाला चालू-बंद होतात आणि चुंबकीय क्षेत्राला उतार देतात. विजेच्या त्या झटक्यांनी वेटोळी थरथरतात. बोअरवेल म्हणजे हीच. उतार देऊन जागा ओळखण्याची युक्ती पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली, पीटर मॅन्सफील्ड यांनी तिला गणिताची आणि वेगाची जोड दिली, आणि २००३ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. मुख्य चुंबकाचं वेटोळं द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंशांच्या आसपास ठेवलेलं असतं. मे महिन्यात बाहेर धंतोलीत ४५ अंश आणि भिंतीपलीकडे उणे २६९, हा विचार मला दरवेळी मजेशीर वाटतो.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. त्यामुळे संशोधनासाठी तोच माणूस वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा यंत्रात झोपवता येतो. या पुन्हा-पुन्हाचं महत्त्व पुढे येईलच.

तीच जागा वेगवेगळ्या 'चष्म्यांतून' पाहता येते. एका प्रकारात पाणी काळं दिसतं आणि मेंदूचा घाट नीट कळतो. दुसऱ्यात पाणी पांढरं. तिसरा फ्लेअर नावाचा प्रकार, त्यात मोकळं पाणी मुद्दाम काळं करतात, म्हणजे मेंदूच्या आत जिथे ओल किंवा इजा आहे ती जागा पांढरी चमकते. काकांच्या रिपोर्टातले पांढरे ठिपके या चष्म्यातून दिसलेले. मेंदूच्या खोल भागात तारांचं जाळं असतं, त्यांना रक्त पुरवणाऱ्या नळ्या केसासारख्या बारीक. वर्षानुवर्षं रक्तदाब चढा राहिला, साखर वाढलेली असली, तंबाखू-बिडी चालू असली की या नळ्या कडक होतात आणि त्यांच्या वाट्याच्या तारा उपाशी राहतात. फझेकास हे १९८७ मधल्या मोजपट्टीचं नाव आहे: शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे सुटे ठिपके, दोन म्हणजे ठिपके एकमेकांना मिळायला लागले, तीन म्हणजे मोठे पांढरे पट्टे. चौऱ्याहत्तराव्या वर्षी 'एक' हा आकडा पाहून कुणी रात्र जागून काढायची गरज नाही. 'तीन' असेल तर चाल मंदावणं, विचाराचा वेग कमी होणं आणि पुढे लकव्याचा धोका, या गोष्टी खरोखर जोडीने येतात.

हेच ठिपके विशीतल्या मुलाच्या फिल्मवर दिसले तर वयाकडे बोट दाखवता येत नाही. मग अर्धशिशीपासून मल्टिपल स्क्लेरोसिसपर्यंत वेगळी यादी उघडावी लागते. आणि आपल्या विदर्भात त्या यादीत सिकलसेल हा रक्ताचा आजार वर ठेवावा लागतो. या आजारात लहान वयातच मेंदूत मूक झटके येऊन जातात. हात-पाय लुळे पडत नाहीत, कुणाला काही कळत नाही, फक्त शाळेतला अभ्यास मागे पडतो आणि एमआरआयमध्ये खूण सापडते.

ठिपक्यांबाबत एक प्रयोग मला फार आवडतो, कारण त्याचं उत्तर सरळ आलं नाही. अमेरिकेत स्प्रिंट नावाच्या चाचणीत रक्तदाबाचा वरचा आकडा एका गटात १२० च्या खाली आणि दुसऱ्यात १४० च्या खाली ठेवला. सुमारे चार वर्षांच्या अंतराने केलेल्या एमआरआयची मोजणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. पांढऱ्या डागांचं आकारमान कडक गटात सरासरी ०.९२ घन सेंटीमीटरने वाढलं, दुसऱ्या गटात १.४५ ने. म्हणजे गोळी वेळेवर घेण्याचा परिणाम फिल्मवर मोजता आला. पण त्याच गटाचा मेंदू एकूण आकाराने किंचित जास्त घटला होता! डोक्याचा वापर मात्र त्यांचा बिघडला नाही, उलट सौम्य विस्मरणाचं प्रमाण त्यांच्यात कमी निघालं. नुसता आकार मोजून निष्कर्ष काढू नये हे यातून लख्ख दिसतं.

मग अल्झायमर कुठे दिसतो? कानशिलाच्या आत, दोन्ही बाजूंना, करंगळीएवढा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो. आज सकाळी काय खाल्लं, दूधवाला आला होता का, अशा ताज्या आठवणींची पहिली नोंद इथे होते. अल्झायमरची धाड याच परिसरावर लवकर पडते. रेडिऑलॉजिस्ट इथल्या फटी पाहून शून्य ते चार असा दर्जा देतात. पण निरोगी म्हातारपणातही हा भाग आकसतोच, आणि नेमकं इथे घोडं अडतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या निरोगी माणसाचा हिप्पोकॅम्पस आणि अडुसष्टच्या सुरुवातीच्या अल्झायमरचा हिप्पोकॅम्पस शेजारी ठेवले तर माप सारखंच निघू शकतं.

फरक वेगात असतो. अनेक अभ्यासांची सरासरी काढली तर निरोगी वृद्धांत हा भाग वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास घटतो आणि अल्झायमरमध्ये साडेचार टक्क्यांच्या आसपास. एका फोटोत वेग दिसत नाही. फुटाळ्याच्या रस्त्यावरच्या गाडीचा फोटो काढला तर ती उभी आहे की पळते आहे हे सांगता येईल का? दोन फोटो लागतात, मध्ये वेळ लागतो, आणि कॅमेरा तोच लागतो. २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या एका मोठ्या प्रकल्पाने हेच केलं. निरोगी, जरा विसरभोळे आणि अल्झायमर झालेले असे गट घेऊन वर्षानुवर्षं त्यांचे एमआरआय, पेट स्कॅन (किरणोत्सारी रसायन देऊन काढलेलं चित्र), पाठीच्या मणक्यातल्या द्रवाच्या तपासण्या करत राहिले, आणि ती माहिती जगातल्या संशोधकांना खुली ठेवली.

दुसरा मार्ग म्हणजे चांगला तक्ता बनवणं. अंगणवाडीत बाळाचं वजन तक्त्यावर मांडतात ना, वयाच्या रेषेवर बाळ कुठे बसतं ते पाहायला, तसाच मेंदूचा तक्ता २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. एक लाखाहून जास्त माणसांचे सुमारे १ लाख २४ हजार स्कॅन त्यात आहेत, गर्भातल्या बाळापासून शंभरीपर्यंतचे. त्यात दिसलं की मेंदूचा करडा भाग सहाव्या वर्षाच्या सुमारास शिखर गाठतो आणि तारांचा पांढरा भाग तिशीच्या अलीकडे. म्हणजे उतरण पेन्शनच्या वयात सुरू होत नाही. ती पहिल्या नोकरीतच सुरू झालेली असते, आपल्याला चाळिसाव्या वर्षी चष्मा लागल्यावर संशय येतो इतकंच.

पण तक्ता कुणाचा? त्यातले बहुतेक स्कॅन युरोप-अमेरिकेतले, हे तो तक्ता बनवणाऱ्यांनीच सांगितलं आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीयांच्या एमआरआयवरून भारतीय मेंदूचा नकाशा केला, तेव्हा सरासरी भारतीय मेंदू लांबी-रुंदी-उंचीत पाश्चात्त्य नमुन्यापेक्षा लहान निघाला. अकलेशी याचा काही संबंध नाही, साल लहान तर संत्रं लहान, पण मोजणाऱ्या संगणकाला कॅनडातल्या मॉन्ट्रियलचा पाश्चात्त्य नमुना शिकवला असेल तर तो सक्करदऱ्याच्या काकांचा मेंदू 'कमी' दाखवणारच. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारातलं मेंदू संशोधन केंद्र कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात खेड्यातल्या पंचेचाळिशीपुढच्या लोकांचा असाच लांब पल्ल्याचा अभ्यास करतंय, दहा हजार माणसांचं उद्दिष्ट ठेवून. अशी माणसं विदर्भातून कधी मोजली जातील तेव्हा आपला तक्ता खरा होईल. देशभरच्या एका सर्वेक्षणाच्या अंदाजानुसार साठीपुढच्या भारतीयांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना, स्मृतिभ्रंश आहे. एवढ्या माणसांचं माप उसन्या पट्टीने घ्यायचं हे मला पटत नाही.

आकार हा उशिरा दिसणारा परिणाम. त्याच्या आधी रसायन बिघडतं. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमर यांनी आपल्या रुग्णाचा, आउगुस्ट डेटर यांचा, मेंदू मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्यात गुठळ्या आणि गाठी दिसल्या; गुठळ्या अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या, गाठी टाऊ नावाच्या. पुढे जवळजवळ शंभर वर्षं या गुठळ्या पाहायच्या तर माणूस मेल्यावरच. २००४ मध्ये पिट्सबर्गच्या संशोधकांनी अमायलॉइडला चिकटणारं किरणोत्सारी रसायन जिवंत माणसांना देऊन पेट स्कॅनवर ते उजळलेलं दाखवलं. त्यात कार्बन-११ वापरला होता, जो वीस मिनिटांत निम्मा होतो. नागपुरातल्या बर्डीहून शहराबाहेरच्या बुटीबोरीला पोहोचेपर्यंत पावभरसुद्धा उरायचा नाही. म्हणून पुढची रसायनं फ्लोरिन-१८ वर बनली, तो ११० मिनिटांत निम्मा होतो. कॅन्सरसाठी पेट स्कॅन केलेल्यांच्या अंगात गेलेला तो हाच.

या स्कॅनने दोन गोष्टी उघड केल्या. अमायलॉइड विसरायला लागण्याच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचत असतो. आणि सत्तरीतल्या धडधाकट, घरखर्चाचा हिशोब तोंडपाठ असलेल्या माणसांपैकी चार-पाचांत एकाच्या मेंदूत तो सापडतो! यातल्या कित्येकांना मरेपर्यंत स्मृतिभ्रंश होत नाही. हा स्कॅन तक्रार नसलेल्या माणसाने हौसेने करू नये, असं डॉक्टर म्हणतात ते यासाठी. सापडलं तर काय करायचं, याचं उत्तर आजही अर्धवट आहे. अमायलॉइड धुऊन काढणारी औषधं आली आहेत, त्यांनी घसरण काहीशी मंदावते, थांबत नाही. आणि त्यांच्यामुळे मेंदूला सूज किंवा बारीक रक्तस्राव होतो का, हे पाहायला पुन्हा एमआरआयच लागतो.

एक सारखीच फिल्म असलेल्या दोघांत एक विसरतो आणि दुसरा नाही, याचं एक उत्तर आपल्या जवळूनच आलंय. हैदराबादच्या निझाम संस्थेत सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन भाषा बोलणाऱ्यांना आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा लागल्याचं दिसलं, आणि शाळेत न गेलेल्यांतही फरक टिकला. घरात मराठी, भाजीवाल्याशी हिंदी, भांडताना दोन्ही, असं नागपूरकर रोजच करतो. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांत हा फायदा इतका ठळक निघत नाही, हेही खरं. पण मेंदूत जास्तीच्या वाटा असल्या की मुख्य रस्ता खणला तरी गाडी पोहोचते, ही कल्पना सिमेंट रस्त्यांच्या कामात अडकणाऱ्या माणसाला समजावून सांगायला नको.

पार्किन्सनची गोष्ट अगदी उलटी. हात थरथरतो, चाल लहान होते, चेहरा ताठर होतो आणि एमआरआय नॉर्मल येतो. घरचे म्हणतात, पैसे वाया गेले. वाया नाही गेले, कारण दुसरं काही नाही हे कळलं. डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी निम्म्याच्या आसपास गेल्यावर लक्षणं दिसू लागतात, पण तो भाग इतका छोटा की साध्या एमआरआयला फरक सहसा जाणवत नाही. शंका असेल तर ट्रोडॅट नावाचा वेगळा स्कॅन करतात. निरोगी माणसात डोपामिनची जागा दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखी उजळते. आजारात त्याची शेपटी विझते आणि पूर्णविराम उरतो. फिल्म वाचण्यातली इतकी नेमकी खूण मला दुसरी माहीत नाही.

काहींच्या मधल्या पोकळ्या घड्यांच्या मानाने भलत्याच फुगलेल्या दिसतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही आणि विसरणं, असं त्रिकूट जोडीला असेल तर ते द्रव तुंबल्याचं लक्षण असू शकतं. डॉक्टर पाठीतून थोडं पाणी काढून चाल सुधारते का ते पाहतात, आणि सुधारली तर नळी टाकतात. म्हातारपण समजून अशी माणसं खाटेवर पडून राहतात याचं वाईट वाटतं.

रंगीत चित्रांबद्दल एक चटका देणारी गोष्ट सांगतो. मेंदूचा कुठला भाग कामाला लागला हे दाखवणारा फंक्शनल एमआरआय रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलावर चालतो. सेजी ओगावा यांनी १९९० मध्ये हे दाखवलं. म्हातारपणी मेंदूचे भाग एकमेकांशी कसे बोलतात, हे कळायला त्याचा मोठा उपयोग झाला. पण २००९ मध्ये काही संशोधकांनी मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो 'दाखवले' आणि नेहमीचं गणित पुरेशी काळजी न घेता चालवलं. मेलेल्या माशाच्या मेंदूत ठिपका उजळला! हजारो जागा एकदम तपासल्या की काही योगायोगानेच उजळणार. 'अमुक केल्याने मेंदू असा उजळतो' म्हणणारं चित्र व्हॉट्सअ‍ॅपवर आलं की मला तो मासा आठवतो.

तर काका. दोन दिवसांनी डॉक्टरांनी फिल्म हातात घेण्याआधी काकूला बोलतं केलं: काय विसरतात, कधीपासून, पैशाचे व्यवहार कोण करतं. मग काकांना विचारलं, "घरून इतवारीत कसे जाता?" काकांनी सक्करदरा, रेशीमबाग, महाल, गांधीबाग असा रस्ता सांगितला आणि वर कुठली गल्ली खणून ठेवली आहे, म्हणून कुठून वळावं लागतं, हेही सांगितलं. कागदावर घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावली. काटे बरोबर पडले. पाच शब्द थोड्या वेळाने आठवायला सांगितले, तर चार आले, आणि पाचवा काकांनी चुकीचा ऐकला होता. तिथे डॉक्टर थांबले. टाळी मागून वाजवून पाहिली. मग फिल्म उजेडावर धरली, हिप्पोकॅम्पसच्या जागी बोट ठेवून म्हणाले, "इथे वयापेक्षा जास्त काही दिसत नाही."

रक्तात बी-१२ तळाला गेलेलं निघालं. कान तपासले तर दोन्हीकडे ऐकू कमी. जे कानात शिरलंच नाही ते आठवणार कुठून? इंजेक्शनं सुरू झाली, कानाचं मशीन आलं. ते काका जेवताना काढून ठेवतात, का तर स्वतःच्याच चावण्याचा आवाज येतो म्हणून. विसरणं कमी झालंय, गेलं नाही. वर्षाने कामकाजात फरक वाटला तर पुन्हा एमआरआय करू, तोही शक्यतो त्याच यंत्रावर, असं डॉक्टर म्हणाले.

आणि निघताना एक बजावलं: फिल्म जपा, पण त्याहून सीडी जपा. मोजमाप सीडीवरच्या मूळ चित्रांवरून होतं, आणि आजच्या या फिल्मची खरी किंमत पुढची फिल्म शेजारी लागेल तेव्हा कळेल. काकूने ती पिशवी घरटॅक्सच्या पावत्यांसोबत पत्र्याच्या माळ्यावर ठेवली होती. उन्हाळ्यात तिथे तापून फिल्म काळी पडेल म्हणून भावाने ती खाली आणली, सीडी कॉम्प्युटरवर उतरवली आणि फाइलीला नाव दिलं, 'बाबा, मेंदू, पहिला'.